आक्काचा पारांक

चहा कपात पडेपर्यंत फ्रिजकडे बघायचं नाही, असा नियम त्रिशलाबाई बोरगावे यांनी स्वतःला घालून घेतला होता आणि तो त्या रोज मोडत होत्या. फ्रिजच्या दारावर वहीच्या पानाएवढी काळी पाटी होती आणि उजाडल्यापासून तिच्यावर ओळी उमटत असत. सहा वाजून बारा मिनिटं, तीन पूर्णांक चार ग्रॅम. सहा एकोणीस, चार पूर्णांक एक ग्रॅम. तेवढ्यात मागे चहा उतू जाई.

खिडकीबाहेर, मागच्या अंगणातल्या पेकानच्या झाडाला लाल रंगाची एक बसकी सुरई टांगलेली होती. तिच्या बुडाशी चार बारीक नळ्या आणि प्रत्येक नळीसमोर काडीएवढी दांडी. त्या दांड्यांवर येऊन बसणारी पाखरं अंगठ्याएवढी होती. सगळे त्यांना हमिंगबर्ड म्हणत. त्रिशलाबाईंनी पहिल्याच दिवशी त्यांचं नाव ‘गुणगुणी’ ठेवलं आणि सुरईचं ‘पाणपोई’. खोक्यावर छापलेलं यंत्राचं खरं नाव इतकं लांब होतं, की ते त्यांच्या मुलीलाही पाठ नव्हतं.

पाणपोई साधी नव्हती. गुणगुणीचे पंख सेकंदाला पन्नासेक वेळा हलतात आणि त्यातून जो गुणगुणाट निघतो, तो प्रत्येक पाखराचा वेगळा असतो, हे काही वर्षांपूर्वी कुणाच्या तरी लक्षात आलं होतं. माणसाच्या बोटांचा ठसा, तसा हा पंखांचा ठसा. पाणपोई तो ऐकून घेई, दांडीवर पाखराचं वजन करी, आणि त्या दोन्हींवरून अंगात चरबी किती साठली आहे, स्नायूंत दम किती आहे याचा अंदाज बांधी. मग वाऱ्याचा हिशेब मिसळून एक आकडा पाटीवर येई. अलाबामाच्या या किनाऱ्यापासून समोरच्या मेक्सिकोपर्यंत आठ-नऊशे किलोमीटरचं आखात आहे. मध्ये टेकायला फांदी नाही, खडक नाही. वीस तास उडत राहायचं. असं पाखरू आज निघालं, तर शंभरातून किती वेळा पलीकडे पोचेल, तो हा आकडा. मुलीनं त्याला मराठीत ‘पारांक’ असा शब्द काढून दिला होता. आईला इंग्रजी आकड्यांची नव्हे, इंग्रजी शब्दांची अडचण होती.

पलीकडच्या किनाऱ्यावरही कितीतरी अंगणांत अशाच पाणपोया टांगलेल्या होत्या. इथून गेलेलं पाखरू तिथे प्यायला उतरलं, की ठसा जुळे आणि पाटीवर एक हिरवी ओळ येई. त्रिशलाबाई त्या ओळीला पोचपावती म्हणत. त्यांनी कृष्णाकाठच्या एका गावात चौतीस वर्षं पोस्ट सांभाळलं होतं. पोस्टकार्डं बंद होऊनही आता बरीच वर्षं झाली, पण पाकीट हातात घेतलं की त्याचं वजन बोटांना कळायचं, ते अजून कळत होतं. उपाशी गुणगुणी पोस्टकार्डाहून किंचित जड आणि खाऊनपिऊन निघायला तयार झालेली गुणगुणी दोन पोस्टकार्डांएवढी, असं त्या मनाशी मांडत. एवढं हलकं टपाल एवढ्या लांब जाणार आणि त्याची पोच येणार, याचं त्यांना रोज नव्यानं नवल वाटे.

त्या इथे आल्या त्या एप्रिलमध्ये. फेब्रुवारीत गावी न्हाणीघरात पाय घसरून पडल्या आणि मनगट मोडून चार तास तशाच पडून राहिल्या. शेजारणीनं हाक मारली तेव्हा कुठे कळलं. ऋजुता त्यांची एकुलती एक मुलगी. ती इथल्या गोदीत जहाजांच्या तळांचे आराखडे करायची. तिनं विमानानं येऊन आईला उचलूनच आणलं. सहा महिने राहा म्हणाली. दिवाळीनंतर जायचं ठरलं होतं. पण ऑगस्टपासून तिकिटाचा विषय निघाला की ऋजुता म्हणायची, सध्या मिळत नाहीत, मार्चमध्ये बघू. त्रिशलाबाईंनी ते खरं मानलं. गावातलं घर, सकाळचं बस्तीतलं, म्हणजे जैन मंदिरातलं, दर्शन, जिन्याशी वाळत घातलेल्या मिरच्या, हे सगळं त्यांनी मार्चपर्यंत पुढे ढकललं आणि पाणपोईत जीव घातला.

पाणपोई शेजारच्या ओपल टर्नर यांनी दिलेली. ओपलबाई एक्क्याऐंशी वर्षांच्या होत्या. उभं आयुष्य शाळेची बस चालवली, आणि गेली तीस वर्षं गुणगुण्यांच्या पायांत वाळ्यासारखी बारीक कडी घालायचा सरकारी परवाना त्यांच्याकडे होता. यंत्रं येण्याआधीपासून त्या हे करत होत्या आणि यंत्रांवर त्यांचा विश्वास बेताचा होता. यंत्र वजन बरोबर सांगतं, बाकीचं मी बघून घेते, असं त्या म्हणत.

हे त्या म्हणत म्हणजे त्रिशलाबाईंच्या कानातला दुभाषा म्हणे. गव्हाच्या दाण्याएवढं ते यंत्र कानात बसवलं, की समोरचं इंग्रजी मराठीत ऐकू येई आणि आपलं मराठी समोरच्याला इंग्रजीत ऐकू जाई. बोलणारं माणूस बातम्या वाचणाऱ्यासारखं बोलत असेल, तर तो चोख होता. ओपलबाईंच्या दक्षिणेकडच्या लाडिक, ओढलेल्या बोलीपुढे मात्र त्याची तारांबळ उडे. त्या एकट्या त्रिशलाबाईंना ‘तुम्ही सर्वजण कसे आहात’ असं विचारत. पहिल्या वेळी त्रिशलाबाईंनी मागे वळून पाहिलं होतं, की आणखी कोण आलंय.

सप्टेंबरच्या सुरुवातीला, पाणपोई टांगली त्या दिवशी, ओपलबाईंनी तिच्यात काय भरायचं ते समजावलं. दुभाषानं कानात सांगितलं, ‘चार भाग पाणी, एक भाग साधी साखर, मध.’

त्रिशलाबाई मान डोलावून घरात आल्या आणि ओट्याशी बराच वेळ उभ्या राहिल्या. त्या जैन. मध घरात कधी आलेला नव्हता. मधमाश्यांचं घर लुटून आणलेली वस्तू आपण कुणाच्याही तोंडी घालायची नाही, हे त्यांना लहानपणापासून माहीत. साखरेविषयीही त्यांचं मत बरं नव्हतं. कारखान्यात पांढरी करतात, तिच्यात सत्त्व काही उरत नाही, असं त्यांच्या माहेरी गुऱ्हाळावर सगळेच म्हणत. त्यांच्या बॅगेत मात्र कोल्हापुरी गुळाच्या दोन ढेपा होत्या, बिनरसायनाच्या, ओळखीच्या गुऱ्हाळातून आणलेल्या. मग त्यांना एकदम सोपं वाटलं. उन्हातून आलेल्या माणसाला आपण काय देतो? गूळ आणि पाणी. हीही उन्हातूनच आलेली, आणि पुढे केवढ्या लांब जाणार. साखर आणि मध दोन्हींच्या जागी एक गूळ. त्यांनी तो किसला, कोमट पाण्यात विरघळवला, पंच्याच्या फडक्यातून दोनदा गाळला आणि लाल सुरईत भरला. सुरई अपारदर्शक होती. आत काय रंगाचं आहे, ते बाहेरून दिसत नव्हतं. पाणपोईनं द्रावण तपासलं आणि पाटीवर लिहिलं, ‘गोडी योग्य’.

यंत्राला गोडी कळत होती. गूळ म्हणजे काय, ते त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं.

महिनाभर सगळं छान चाललं. पाखरं येत, दोन-चार दिवस प्यायची, गोळीसारखी फुगायची आणि उत्तरेचा वारा सुटला की निघायची. त्रिशलाबाईंनी त्यांना नावं दिली. एक नर भांडकुदळ होता, दुसऱ्या कुणाला नळीपाशी टेकू देत नसे, तो फौजदार. एक पिल्लू प्रत्येक वेळी चुकीच्या बाजूनं येऊन सुरईवर आपटे, ते येडबंबू. येडबंबूचा पारांक एकसष्ट होता. तो गेला त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी पोचपावती आली, तेव्हा त्यांनी ऋजुताला कामावर फोन करून सांगितलं. ऋजुता कसल्याशा बैठकीत होती. तिनं ‘हो का, अरे वा’ म्हटलं आणि त्रिशलाबाईंना फोन केल्याची लाज वाटली, पण फार नाही.

आणि आक्का. आक्का गेली नाही.

ती सात वर्षांची मादी होती. गुणगुणीत हे म्हातारपणच. तिच्या पायातलं कडं ओपलबाईंनीच घातलेलं होतं. तिच्या डाव्या पंखातली दोन पिसं तुटली होती, ती नवी येईपर्यंत तिला थांबणं भाग होतं. ती पहाटे सगळ्यांत आधी यायची, घाई न करता प्यायची, आणि मग खिडकीच्या गजावर बसून चोच पुसायची. त्रिशलाबाई आतून चहा पीत. दोघींच्या मध्ये काच. ती काय बघते कोण जाणे, पण बघते खरी, असं त्यांना वाटे. आणि असं वाटणं हा आपला वेडेपणा असेल, असंही लगेच वाटे.

सप्टेंबरअखेर पिसं आली. वजन चढू लागलं. चार ग्रॅम, साडेचार, चार पूर्णांक आठ. पारांक एकाहत्तरवर गेला. आता निघेल, असं म्हणता म्हणता तो खाली यायला लागला. वजन तेवढंच आणि पारांक बासष्ट. मग चोपन्न. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात अडतीस. पाटी कारण सांगत नव्हती; ठशाखाली फक्त ‘पंखांची लय सैल’ एवढे शब्द येत. त्रिशलाबाईंना वाटलं, बिचारीला पोषण कमी पडतंय. त्यांनी चारास एक ऐवजी तीनास एक गूळ घातला.

तिसऱ्या दिवशी त्यांनी ओपलबाईंना बोलावलं. ओपलबाई झाडाखाली खुर्ची टाकून तासभर बसल्या. आक्का आली, प्यायली, फांदीवर गेली. ओपलबाईंनी डोळे मिटून तिचा आवाज ऐकला आणि तोंड वाकडं केलं. मग उठून त्यांनी सुरई खाली घेतली, झाकण उघडलं, आत बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

‘हे काय आहे?’ दुभाषा म्हणाला.

‘गूळ. उसाचा. शुद्ध आहे.’

‘मी साधी साखर म्हटलं होतं.’

‘साखर आणि मध म्हणालात की तुम्ही. मध आमच्यात चालत नाही.’

ओपलबाई बुचकळ्यात पडल्या. तुम्ही काय म्हणालात ते परत म्हणा, असं त्रिशलाबाईंनी खूण करून सांगितलं आणि कानातला दाणा काढून हातात घेतला. या वेळी त्यांना ओपलबाईंचा खरा आवाज ऐकू आला. चार पाणी, एक शुगर, हनी. शेवटचा शब्द म्हणताना त्या त्रिशलाबाईंकडेच बघत होत्या, जशी आपल्याकडे एखादी म्हातारी ‘बाई गं’ म्हणेल तशी.

दाणा पुन्हा कानात गेला तेव्हा ओपलबाई हसत होत्या. ‘मी सगळ्यांनाच तसं म्हणते. पोस्टमनला म्हणते. कुत्र्यालासुद्धा म्हणते.’ मग त्यांचं हसू ओसरलं आणि त्या हातातल्या सुरईकडे बघत राहिल्या. किती दिवस, असं त्यांनी विचारलं. पहिल्या दिवसापासून, असं त्रिशलाबाईंनी सांगितलं.

ओपलबाईंनी रागावून बोलायला हवं होतं. ते सोपं गेलं असतं. त्यांनी हळू आवाजात समजावलं. गुळात लोह असतं. माणसाला ते चांगलं. या पाखरांच्या अंगाला मात्र ते बाहेर टाकता येत नाही, यकृतात साठत जातं. दोन-चार दिवस प्यायलेल्यांचं काही बिघडलं नसेल. जी पाच आठवडे राहिली, तिचं बिघडलं.

त्रिशलाबाई ओट्याशी आल्या. त्यांनी उरलेली ढेप फडक्यात बांधून सगळ्यांत वरच्या फळीवर टाकली. किडामुंगीवर पाय पडू नये म्हणून खाली बघून चालायची त्यांची आयुष्याची सवय. आणि दोन पोस्टकार्डांएवढ्या जिवाला त्यांनी स्वतःच्या हातानं, दोनदा गाळून, रोज थोडं थोडं विष पाजलं होतं. त्या रडल्या नाहीत. संध्याकाळी ऋजुता आल्यावर त्यांनी सगळं सांगितलं आणि वर म्हणाल्या, की मला वाटलंच होतं, ती इतकी का पिवळी दिसते. ते खरं नव्हतं. त्यांना काहीही वाटलेलं नव्हतं, आणि तेच त्यांना खुपत होतं.

साधी साखर सुरू झाली. चार दिवसांत पारांक अडतीसवरून सत्तेचाळीसवर आला आणि तिथे थांबला. ओपलबाई म्हणाल्या, यापुढे तो चढेल असं मला वाटत नाही. गुरुवारी उत्तरेचा वारा येणार होता, या हंगामातला बहुधा शेवटचा चांगला. त्यानंतर सगळे दिवस उलट्या वाऱ्याचे. म्हणजे दोनच वाटा. गुरुवारी आक्काला तिच्या मनानं जाऊ द्यायचं, किंवा त्याआधी पकडून ओपलबाईंच्या काचेच्या उबदार खोलीत हिवाळाभर ठेवायचं. त्यांच्याकडे तसाही परवाना होता. आजवर दोन गुणगुण्या त्यांनी अशा ठेवल्या होत्या. एक वसंतात उडून गेली. दुसरी जानेवारीत मेली. खायला-प्यायला सगळं होतं, का मेली ते कळलं नाही. तुम्ही सर्वजण ठरवा, असं ओपलबाई म्हणाल्या. या वेळी दुभाषाचं चुकलेलं नव्हतं.

बुधवारी दुपारी ऋजुता लवकर घरी आली. ठेवूनच घ्यायचं, यात तिला प्रश्नच नव्हता. त्रिशलाबाई खिडकीशी बसून होत्या. आक्काला इथे ठेवून आपल्या चुकीची भरपाई करतोय की ती वाढवतोय, हे त्यांना कळत नव्हतं आणि त्या तसं म्हणाल्या.

‘आई, शंभरातून त्रेपन्न वेळा ती पाण्यात पडणार आहे,’ ऋजुता म्हणाली. ‘हे माहीत असून जाऊ द्यायचं?’

‘पूर्वी माहीत नसायचं. तरी जातच होत्या की.’

‘पूर्वीचं सोड. एकदा आकडा कळला ना, की नाही सोडवत. मला विचार.’

‘तुला काय विचारू?’

ऋजुता उगाच टेबलावरच्या फडक्याची घडी घालू लागली, मग उलगडू लागली. त्रिशलाबाईंनी तिला लहानपणी असं करताना कितीदा तरी पाहिलं होतं. प्रगतिपुस्तक लपवलं की ती रुमालाच्या घड्या घालायची.

मग ते बाहेर आलं. व्हरांड्यापासून न्हाणीघरापर्यंतची राखाडी चटई, जी घसरू नये म्हणून टाकली आहे असं ऋजुतानं एप्रिलमध्ये सांगितलं होतं, ती चटईही मोजती होती. गुणगुणीचा पंखठसा ऐकायची जी रीत, तीच माणसाच्या पावलांना लावलेली. पाऊल कसं पडतं, कुठे अडखळतं, किती वेळ एका पायावर भार राहतो, ते ऐकून ती एक आकडा देई: हे माणूस एकटं राहिलं, तर वर्षभर त्याचा धडपणे निभाव लागेल का, शंभरातून किती वेळा. डॉक्टर हल्ली हा आकडा मागतात. जुलैच्या अखेरीस ऋजुतानं तो, एप्रिलपासूनचा सगळा, पहिल्यांदा बघितला. तिकिटं मिळत नाहीत, असं ती म्हणाली ते त्यानंतर. तिकिटं मिळत होती.

‘रोज बघतेस?’

‘रोज सकाळी. गाडीत बसले की.’

त्रिशलाबाईंना राग येईल असं वाटलं होतं, पण आला तो राग नव्हता. ही पोर रोज सकाळी गाडीत बसून एकटीच तो आकडा वाचते आणि मग दिवसभर जहाजांचे तळ काढते, हे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. त्यांना तिच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला. पण ती चाळीस वर्षांची होती आणि दोघींनाही तसं करायची सवय राहिलेली नव्हती.

‘वाढतोय का घटतोय?’ एवढंच त्यांनी विचारलं.

‘घटतोय. आलीस तेव्हा बरा होता.’

दोघी चटईकडे बघत राहिल्या. गावी असताना त्रिशलाबाई दिवसातून चार वेळा जिना चढत, बस्तीपर्यंत चालत जात, विहिरीपाशी कुणाशी तरी उभ्या उभ्या भांडत. इथे स्वयंपाकघर ते खिडकी आणि खिडकी ते खाट. ऋजुतानं बागेतली कामं बंद केली होती, ओझं उचलायला बंदी होती, पायरी उतरताना हात धरला जाई. सगळं प्रेमानं.

‘मी तिला गूळ दिला,’ त्रिशलाबाई हळूच म्हणाल्या. ‘साखरेपेक्षा चांगला म्हणूनच दिला गं.’

ऋजुताच्या हातातलं फडकं थांबलं. तिनं आईकडे पाहिलं, आणि तिला काय कळलं ते तिच्या चेहऱ्यावर इतकं स्पष्ट उमटलं, की त्रिशलाबाईंना आपण हे बोललो नसतो तर बरं झालं असतं असं वाटून गेलं.

गुरुवारी सकाळी वारा उत्तरेचा होता. ओपलबाईंनी पाणपोईभोवती जाळीचा पिंजरा बसवला होता. दार वर उचलून एका खुंटीवर टेकवलेलं, खुंटीला दोरी बांधलेली. दोरी ओढली की ते सटकन खाली पडणार. दोरीचं टोक त्यांनी त्रिशलाबाईंपुढे धरलं. त्रिशलाबाईंनी ते ऋजुताच्या हातात दिलं. माझ्या हातून एकदा चुकलंय, आता तू ठरव, असं त्या म्हणाल्या.

ऋजुतानं दोरी घेतली. ती कामावर जायच्या कपड्यांत होती, गवतात उकिडवी बसली. ओपलबाई खुर्चीवर. रोजच्यापेक्षा उशिरा, पावणेआठला, आक्का आली. नेहमीसारखी घाई न करता ती जाळीच्या दारातून आत गेली, दांडीवर बसली आणि प्यायला लागली. ओपलबाईंच्या मांडीवरच्या छोट्या पाटीवर ओळ उमटली: पाच पूर्णांक दोन ग्रॅम, पारांक सत्तेचाळीस. उन्हात तिची पाठ हिरवी चमकत होती. गळ्याशी कातडीखालची चरबी फुगलेली दिसत होती, एखाद्या म्हातारीनं प्रवासाला निघताना एकावर एक दोन स्वेटर घालावेत तशी.

ऋजुताची बोटं आवळली गेली. दोरी ताणली गेली आणि वरचं दार किंचित हललं. आक्का प्यायची थांबली. तिनं मान वळवली. ती काही समजून बघत होती असं म्हणणं बरोबर होणार नाही. पाखरू आवाजाकडे बघतं. पण ती बघत होती. त्रिशलाबाईंना ओरडून सांगावंसं वाटलं, पण ‘ओढ’ म्हणावं की ‘सोड’, हे तोंडाशी येईना.

आक्का पुन्हा प्यायली. पोटभर. मग हवेत उलटी सरकत दारातून बाहेर आली, हातभर उंचीवर क्षणभर थांबली, आणि पेकानच्या शेंड्यावरून, छपरावरून, दक्षिणेला गेली. इतक्या पटकन, की ती गेली हे आधी कानांना कळलं आणि मग डोळ्यांना.

ऋजुता तशीच बसून होती. दोरी तिच्या हातात ढिली पडली होती. ओपलबाईंनी खुर्चीतून उठून तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं, की आता वाट बघत पाटीपुढे बसू नका. पलीकडे पोचणाऱ्या सगळ्याच काही यंत्रावर उतरत नाहीत. बऱ्याच जणी फुलांवर जातात, त्यांचं कुणालाच कळत नाही. इतकं बोलून त्या पिंजरा सोडवायला लागल्या, कारण दव अजून होतं आणि त्यांना जाळी गंजलेली चालत नसे.

त्रिशलाबाई पायरी उतरून गवतात आल्या. कुणी हात धरला नाही. त्या लेकीशेजारी बसल्या, बसताना गुडघा कुरकुरला.

‘मी ओढायला हवी होती का?’ ऋजुतानं विचारलं.

‘मला नाही माहीत.’

‘पोचली नाही तर?’

त्रिशलाबाईंनी यावर विचार केला, पण खोटं बोलता येईल असं काही सापडलं नाही. ऋजुतानं खिशातून फोन काढला. त्यावर बोट ठेवलं, पण उघडला नाही.

‘आई, तुझा आकडा सांगू तुला? तुला हवा असेल तर. मग तिकिटाचं तूच ठरव.’

वारा झाडातून खाली उतरून गवतावर आला. त्रिशलाबाई दक्षिणेकडे बघत होत्या. तिकडे आता काही नव्हतं; फक्त छप्पर, आणि छपरापलीकडे उजेड.

‘ऋजू,’ त्या म्हणाल्या, ‘आक्काला तिचा आकडा कुणी सांगितला असता, तर ती निघाली असती का गं?’